उभय पक्षांचा युक्तिवाद ऐकला

युक्तिवाद टाइप करत नाहीत आमच्याकडं.
साक्ष करतात, उलटतपास करतात,
साक्षीदार रडला तर कंसात तेही घेतात.
युक्तिवादाला निकालपत्रात एकच ओळ:
उभय पक्षांचा युक्तिवाद ऐकला.
म्हणून त्या तासाला माझी बोटं रिकामी
आणि कान कामाला.

बिराजदार वकील उठले, आरोपी नंबर दोनतर्फे.
सिद्राम कोरे, वॉचमन,
अक्कलकोट रोडचा टॉवेल कारखाना.
शटरला बाहेरून कुलूप. आत रात्रपाळी.
आत आग. आत सत्तय्या येमुल.

उठले, पण लगेच बोलले नाहीत.
चष्मा पुसला कोटाच्या बाहीला,
नेमका जिथं टाका उसवलाय तिथं.
बँड रोज कडक इस्त्रीचा असतो त्यांचा,
त्या बाहीला मात्र पंधरा वर्षं सुई सापडत नाही.
'माझा आजा मागावर होता, साहेब.'
गेल्या साली आजा मार्केट यार्डात हमाल होता,
त्याच्या आदल्या खटल्यात रेल्वेत पॉइंट्समन.
माणसाला आजे दोनच असतात.
तरी साहेबांनी पेन खाली ठेवलं.
आजा खोटा असेल,
खाली ठेवलेलं पेन खरं होतं.

मग हिशेब. दोन वाजून दहा, धूर.
दोन वाजून बारा, सिद्रामचा मालकाला फोन.
तेरा, चौदा, पुन्हा फोन. चाव्या दोन,
एक ड्रॉवरात, एक गाडीच्या किल्लीला अडकवलेली,
गाडी बंगल्यात, बंगला होटगी रोडला.
'लावायचं काम याचं. उघडायचा हक्क त्यांचा.'
वाक्य असं बसलं, की शिपाईसुद्धा मान हलवून गेला.
पण रोज रात्री लावताना
यानं कधीच विचारलं नाही का, चावी कुठंय?
ते दार वकिलांनी हळूच ओढून घेतलं
आणि पुढं गेले.

मग आवाज खाली आणला.
पंख्याच्या घरघरीत ऐकू येईना
म्हणून सगळे पुढं झुकले.
झुकलेला माणूस निम्मा पटलेला असतो,
हे त्यांना माहीत आहे, मलाही.
आता उभा-आडवा धागा येणार, म्हटलं मी.
आला. या गावात प्रत्येक वकील
शेवटी धाग्यावर येतोच.

इथवर मला शिवणी दिसत होत्या.

मग ते आरोपीच्या पिंजऱ्याशी गेले,
म्हणाले, 'दाखव.'
सिद्राम दाखवीना. हात पाठीमागं.
'दाखव रे.' या 'रे'त वकिली नव्हती.
उजव्या हाताची दोन नखं नव्हती.
दगडानं कुलूप फोडताना गेलेली,
सात महिन्यांत पुरती न आलेली.
बिराजदारांनी पुढचा कागद शोधला, सापडला नाही,
'एवढंच,' म्हणाले, बसले.
कागद खरंच हरवला होता की नाही
हे मला आजही सांगता येत नाही,
आणि मी त्यांना अकरा वर्षं ऐकते आहे.

मागच्या बाकावर नरसव्वा.
मराठी कळतं तिला, कोर्टाचं नाही.
लेकीला विचारलं, 'एमन्नाडु?' काय म्हणाला?
पूर्व भागात वाढले, तेवढं तेलुगू येतं मला.
लेक थोडा वेळ गप्प बसली.
चाळीस मिनिटांचं तिनं एवढंच केलं:
त्याच्याकडं चावी नव्हती म्हणे.
नरसव्वानं विचारलं, मग कुणाकडं होती?
लेकीनं पुढच्या बाकाकडं पाहिलं,
तिथं आरोपी नंबर एक
रुमालानं मान पुसत होता.

सवयीनं मी वहीत चार रेघा ओढल्या होत्या.
लघुलिपीत स्वर गळतात.
'पुरावा' आणि 'परवा', रेघ एकच,
मागचं-पुढचं बघून ठरवायचं.
नरसव्वाच्या साक्षीत होतं,
जाताना म्हणाला, परवा सुट्टी हाय, शेंगा आणतो.
वकिलांच्या बोलण्यात होतं, पुरावा कुठाय?
रात्री वही उघडली तर पानावर
ती एकच रेघ, एकटी, मागं-पुढं काही नाही.

कुणाची होती, अजून लागत नाही.